विजेची साक्ष

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना हॉस्टेलमध्ये आमच्या शेजारच्या खोलीत एक मुलगा राहायचा. फुटबॉल झकास खेळायचा. शनिवारी संध्याकाळी दोन-दोन तास मैदानावर, रात्री मेसच्या फीस्टला ताटात सात-आठ गुलाबजाम, आणि रविवारी सकाळी कधीकधी हा उठायचाच नाही. म्हणजे जागा असायचा, डोळे उघडे असायचे, नीट बोलायचाही. फक्त म्हणायचा, ‘हात उचलत नाहीये यार.’ दुपारपर्यंत कसाबसा उठून बसायचा आणि संध्याकाळी पुन्हा आमच्याबरोबर टपरीवर चहाला यायचा.

आम्ही त्याचं नाव कुंभकर्ण ठेवलं होतं. एकदा सबमिशनच्या दिवशी सकाळी तो असाच पडून राहिला, तेव्हा आम्ही तिघा-चौघांनी त्याच्या तोंडावर बाटलीभर पाणी ओतलं. तो ओशाळं हसला आणि म्हणाला, ‘आता पुसा तरी रे.’ आम्हाला तो विनोद वाटला. बाटली माझ्या हातात होती.

सहा-सात वर्षांनी त्याचा फोन आला. निदान झालं होतं : हायपोकॅलेमिक पिरिऑडिक पॅरालिसिस. अधूनमधून स्नायू लुळे पडण्याचा आनुवंशिक आजार. वडिलांनाही तरुणपणी तसंच व्हायचं, गावात त्याला ‘वात येतो’ म्हणायचे. झटका चालू असतानाच कुणीतरी त्याला दवाखान्यात नेलं, तिथे रक्त तपासलं, म्हणून कळलं.

त्या फोननंतर मी या आजाराचा इतिहास वाचायला घेतला. आधी अपराधी वाटत होतं म्हणून, नंतर त्यात गुंतलो म्हणून. वाचता वाचता लक्षात आलं की आम्ही त्या खोलीत जे वागलो, तो या इतिहासाचाच एक भाग आहे. जो माणूस काल धावत होता आणि उद्याही धावणार आहे, त्याच्या आजच्या लुळेपणावर विश्वास कसा ठेवायचा? दीडशे वर्षं हा प्रश्न पुन्हापुन्हा समोर येत राहिला. आणि रुग्णाच्या बाजूने सगळ्यात ठाम साक्ष दिली ती विजेने.

डॉक्टरांचा मुलगा

सुरुवात एका जवळच्या आजारापासून करू. यात स्नायू लुळा पडत नाही, आखडतो. मूठ आवळली की पटकन उघडत नाही. बसलेला माणूस झटकन उठायला गेला की पाय लाकडासारखे होतात, आणि चार पावलं टाकली की पुन्हा मोकळे.

युलिउस थॉमसेन हे श्लेस्विग प्रांतातल्या काप्पेल्न या छोट्या गावातले डॉक्टर. त्यांना स्वतःला हा त्रास होता, आणि त्यांच्या घराण्यात तो पिढ्यानपिढ्या चालत आला होता. घरात याबद्दल उघड बोललं जात नसे. हा प्रांत १८६४च्या युद्धात डेन्मार्कच्या हातून गेला आणि पुढे प्रशियात सामील झाला. प्रशियात तरुणांना सक्तीची लष्करी सेवा होती. थॉमसेन यांच्या मुलावर आरोप आला की तो सेवा चुकवायला आजाराचं सोंग करतोय. कवायतीत ‘चल’ म्हटल्यावर ज्याचे पाय आखडतात आणि थोड्या वेळाने जो व्यवस्थित चालतो, त्याच्याबद्दल सार्जंटला दुसरं काय वाटणार?

साठीच्या घरात असलेल्या थॉमसेन यांनी मग १८७६ साली स्वतःचा आणि स्वतःच्या घराण्याचा आजार एका वैद्यकीय नियतकालिकात छापून टाकला. मुलाला खोटं ठरवू नये म्हणून बापाने घरचं गुपित जगासमोर मांडलं. पण एक गंमत बघा, किंवा शोकांतिका म्हणा. खुद्द थॉमसेन यांनाही हा आजार स्नायूचा आहे असं वाटलं नाही. वंशपरंपरेने आलेली मनाची घडण हे कारण त्यांनी दिलं, आणि लेखाच्या शीर्षकातच ते लिहून ठेवलं. सोंगाचा आरोप पुसला गेला, पण बोट मनाकडेच राहिलं.

ते स्नायूकडे वळवलं विल्हेल्म एर्ब यांनी. १८८६ साली त्यांनी या आजारावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. त्यांनी रुग्णाच्या स्नायूला विजेचा प्रवाह दिला. निरोगी स्नायू प्रवाह थांबला की सैल पडतो. या रुग्णांचा स्नायू प्रवाह थांबल्यावरही काही काळ आवळलेलाच राहत होता. विजेला रुग्णाच्या मनाशी काही देणंघेणं नव्हतं. ती थेट स्नायूला विचारत होती, आणि स्नायू स्वतःच उत्तर देत होता.

वेस्टफाल यांचं शीर्षक

आता खऱ्या लुळेपणाकडे येऊ. कार्ल वेस्टफाल हे बर्लिनचे मोठे मज्जाविकारतज्ज्ञ. गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का हे डॉक्टर बघतात ना, त्या तपासणीचं महत्त्व १८७५मध्ये ज्या दोघांनी दाखवून दिलं त्यांतले एक हे, आणि दुसरे वर उल्लेख आलेले एर्ब. ‘थॉमसेनचा आजार’ हे नावही वेस्टफाल यांनीच रूढ केलं.

१८८५ साली त्यांनी एका रुग्णावर लेख लिहिला. त्याचं लांबलचक जर्मन शीर्षक मराठीत साधारण असं होईल : ‘चारही हातपायांना अधूनमधून येणारा लुळेपणा आणि त्याच वेळी विजेला मिळणारा प्रतिसाद नाहीसा होणं, अशी एक विलक्षण केस’. अख्खा शोध शीर्षकातच आहे. तो का विलक्षण होता, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

विजेने स्नायू आकसतो हे गॅल्व्हानीने १७९१मध्ये छापून जाहीर केलं होतं. बेडकाच्या तंगड्या उडवणारा तोच प्रयोग. वेस्टफाल यांच्या काळापर्यंत मोठ्या रुग्णालयांत विजेची तपासणी नेहमीची झाली होती. डॉक्टर त्वचेवर ओले इलेक्ट्रोड टेकवून चेतातंतूला आणि स्नायूला विजेचा हलका चटका द्यायचे. मेंदूत रक्तस्राव होऊन हात लुळा पडला असेल, तर चटका दिल्यावर स्नायू उडतो, कारण बिघाड वर मेंदूत असतो. कुणी सोंग करत असेल, तरीही उडतो. चेतातंतू तुटला असेल तर प्रतिसाद बदलतो, पण त्याला दिवस लागतात, आणि तो असा लगेच पूर्ववतही होत नाही.

वेस्टफाल यांच्या रुग्णात यातलं काहीच बसत नव्हतं. झटका आला की काही तासांत स्नायू विजेला मुका व्हायचा. झटका ओसरला की पुन्हा बोलायला लागायचा. मेंदूत बिघाड असता तर असं झालं नसतं, चेतातंतू तुटला असता तरीही नाही. आणि सोंग तर हे असूच शकत नव्हतं, कारण विजेचा चटका बसल्यावर स्नायू न उडू देणं कुणाच्याही हातात नसतं. म्हणजे बिघाड स्नायूतच होता, आणि तो येत-जात होता.

मला आमची पाण्याची बाटली आठवते. आम्ही केली ती तपासणी चुकीची होती एवढंच.

१८९१मध्ये वॉर्सामधल्या सॅम्युएल गोल्डफ्लाम यांनी हा आजार एकाच कुटुंबातल्या अनेकांना होतो हे दाखवलं. पण पुढची चाळीसेक वर्षं गाडी तिथेच अडली. शरीरात एखादं विष तयार होत असावं, असा त्या काळातला तर्क होता. विष काही सापडलं नाही. झटका गेल्यावर तपासावं तर सगळं ठाकठीक.

पापुद्र्यावरची बॅटरी

इथे थोडं थांबून स्नायूच्या पेशीत डोकावू.

स्नायूची प्रत्येक पेशी एका पातळ पापुद्र्याने वेढलेली असते. शाळेच्या पुस्तकात त्याला पेशीपटल म्हणतात. पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर, बाहेरच्यापेक्षा तीस-चाळीस पट. बाहेर सोडियम भरपूर. पटल विश्रांतीत असताना पोटॅशियमला थोडं बाहेर झिरपू देतं. पोटॅशियमवर धन भार असतो, त्यामुळे ते बाहेर पडलं की आतली बाजू ऋण होते. आत-बाहेरचा हा फरक स्नायूत साधारण उणे ९० मिलिव्होल्ट भरतो. ही कल्पना मांडली युलिउस बर्नस्टाइन या जर्मन शास्त्रज्ञाने, १९०२ साली.

९० मिलिव्होल्ट म्हणजे टीव्हीच्या रिमोटमधल्या सेलच्या सोळाव्या हिश्श्याइतकं. क्षुल्लक वाटतं. पण पटलाची जाडी आहे जेमतेम सात-आठ नॅनोमीटर. दाब भागिले अंतर असं गणित केलं तर मीटरमागे एक कोटी व्होल्टच्या आसपास आकडा येतो. कोरड्या हवेत मीटरमागे तीस लाख व्होल्ट झाले की ठिणगी पडते. आपल्या प्रत्येक स्नायूपेशीचा पापुद्रा त्याहून जास्त ताण सोसत गुपचूप बसलेला असतो, तुम्ही हा लेख वाचताना अंगठ्याने स्क्रोल करताय तेव्हासुद्धा.

आदेश आला की पटलातली सोडियमची दारं उघडतात. सोडियम आत घुसतं आणि आतली बाजू क्षणभर धन होते. हजारांश सेकंदाच्या आसपास ही दारं आपोआप मिटतात, पोटॅशियम बाहेर पडतं, आणि पटल पुन्हा उणे ९०वर येतं. ही लाट स्नायूभर पसरते आणि स्नायू आकसतो.

इथे एक मेख आहे, आणि पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. सोडियमचं दार एकदा उघडून मिटलं की ते उंदराच्या सापळ्यासारखं असतं. सुटलेला सापळा पुन्हा ताणून लावल्याशिवाय काम करत नाही. आणि दार पुन्हा ‘लागतं’ ते पटल उणे ९०च्या जवळ परतल्यावरच. पटल मधेच, समजा उणे ६०च्या आसपास अडकून पडलं, तर दारं मिटलेल्याच अवस्थेत राहतात. मग मेंदूने कितीही ओरडून सांगावं, डॉक्टरने कितीही चटके द्यावेत, स्नायू हलणार नाही.

वेस्टफाल यांनी पाहिलेला मुका स्नायू हाच. पण पटल मधेच अडकतं कशामुळे?

दोन उलटे आजार

पहिला धागा रक्तात सापडला. १९३४मध्ये नेदरलँड्सच्या बीमॉन्ड आणि डॅनिएल्स यांना झटक्याच्या वेळी रुग्णाच्या रक्तातलं पोटॅशियम उतरलेलं आढळलं. १९३७मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी ते पक्कं केलं. पोटॅशियम दिलं की ताकद परत यायची.

आता त्या गुलाबजामांचं कोडंही सुटतं. शरीरातलं जवळपास सगळं पोटॅशियम पेशींच्या आत असतं, रक्तात अगदी थोडं. भरपूर गोड किंवा भात-बटाटा खाल्ला की इन्सुलिन वाढतं, आणि इन्सुलिन साखरेबरोबर पोटॅशियमही पेशींत ढकलतं. दमवणाऱ्या खेळानंतर विश्रांती घेतली तरी पोटॅशियम पेशींत परततं. शनिवारी फुटबॉल, रात्री फीस्ट, मग आठ तास झोप. आम्ही ज्याला आळस म्हणत होतो, त्याची ही पाठ्यपुस्तकातली कृती होती.

सगळं सुटलं असं वाटत असतानाच १९५६ साली स्वीडनच्या इंग्रिड गाम्स्टॉर्प यांनी काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या मुलांचे डॉक्टर. यातले रुग्ण लहानपणापासून लुळे पडायचे, झटका लवकर ओसरायचा, आणि झटक्यात पोटॅशियम उतरायचं नाही, उलट चढायचं. त्यांना पोटॅशियम दिलं तर झटका यायचा. म्हणजे वरवर एकच दिसणारे दोन आजार होते, आणि एकाचं औषध दुसऱ्याचं विष होतं. आजवर दोघांना एकाच रांगेत बसवलं होतं.

आता उत्तर रक्तात नव्हे, पटलावरच शोधायला हवं होतं.

काचेची सुई

पटलावरचा दाब मोजायचा तर पेशी न फोडता आत टोक घालायला हवं. १९४९मध्ये शिकागोच्या गिल्बर्ट लिंग आणि राल्फ जेरार्ड यांनी काचेची नळी तापवून, ओढून, इतकी बारीक केली की तिचं टोक अर्ध्या मायक्रोमीटरहून लहान झालं. तिच्यात क्षाराचं पाणी भरून त्यांनी ती बेडकाच्या स्नायूपेशीत खुपसली. बर्नस्टाइनचा कागदावरचा आकडा आता सरळ मोजता येऊ लागला. १९५२मध्ये हॉजकिन आणि हक्सली यांनी माखलीसारख्या स्क्विडच्या जाड चेतातंतूवर सोडियम-पोटॅशियमच्या दारांचं गणित मांडलं. त्याला १९६३चं नोबेल मिळालं.

त्याच १९६३ साली ऑटो क्रॉइट्झफेल्ट आणि सहकाऱ्यांनी अशी सुई गाम्स्टॉर्प यांच्या प्रकारच्या रुग्णांच्या स्नायूत घालून मोजमाप छापलं. झटक्यात पटलाचा दाब खरोखरच ढासळलेला होता.

वीस वर्षांनी जर्मनीत राइनहार्ट र्‍यूडेल, फ्रांक लेमान-हॉर्न आणि केनेथ रिकर यांनी हे काम टेबलावर आणलं. रुग्णांनी संशोधनासाठी आपल्या स्नायूचे छोटे तुकडे दिले. शरीराबाहेर, क्षाराच्या द्रावणात ते तुकडे तासन्‌तास जिवंत राहायचे. द्रावणातलं पोटॅशियम कमी-जास्त करायचं आणि पटल काय करतं ते बघायचं. रुग्णाचं मन, सवयी, आळस हे सगळं टेबलाच्या पलीकडे राहिलं. बशीतल्या त्या तुकड्याला झटका येत होता.

१९८७मध्ये त्यांनी दाखवलं की गाम्स्टॉर्प यांच्या प्रकारात सोडियमचा एक बारीक प्रवाह चालूच राहतो, दारं नीट मिटत नाहीत. त्यावर फुगा माशाचं विष, टेट्रोडोटॉक्सिन टाकलं की तो थांबायचा. हे विष सोडियमचीच दारं बंद करतं, त्यामुळे गुन्हेगार कोण याबद्दल शंका उरली नाही.

मग जनुकांचा शोध वेगाने झाला. १९९०मध्ये बेर्त्रां फोंतेन आणि सहकाऱ्यांनी आजाराचा धागा स्नायूच्या सोडियम दाराच्या जनुकापाशी नेला. १९९१मध्ये दोन गटांनी प्रत्यक्ष चूक दाखवली, आणि स्टीफन कॅनन यांनी रुग्णांच्या स्नायूपेशी वाढवून, एकेका दाराचा प्रवाह मोजून, पोटॅशियम वाढलं की ही दारं मिटायला चुकतात हे सिद्ध केलं. हे दार १,८३६ अमिनो आम्लांची एक साखळी असते. तिच्यातल्या ७०४व्या जागी थ्रिओनिनऐवजी मेथिओनिन आलं, बस. १,८३६ अक्षरांच्या मजकुरात एक अक्षर चुकलं आणि माणूस सकाळी उठू शकला नाही.

आखडणं आणि लुळं पडणं यांतलं नातंही इथे उलगडतं. सदोष दारांतून सोडियम थोडं गळलं तर पटल किंचित वर सरकतं आणि जरा धक्का लागला की पुन्हापुन्हा पेट घेतं, स्नायू आखडतो. जास्त गळलं तर पटल इतकं वर अडकतं की उरलेली चांगली दारंही मिटून बसतात, स्नायू लुळा पडतो. मोजक्या बिघडलेल्या दारांमुळे चांगल्यांनाही कुलूप लागतं.

घोड्याला कुणी नाटकी म्हणत नाही

हेच जनुक घोड्यातही आहे. अमेरिकेत १९६९ साली ‘इम्प्रेसिव्ह’ नावाचा एक क्वार्टर हॉर्स जातीचा घोडा जन्मला. पिळदार अंगामुळे प्रदर्शनांत त्याचा दबदबा होता, आणि त्याच्या वंशाला प्रचंड मागणी आली. पुढे त्याच्या वंशजांतले काही घोडे थरथर कापून कोसळायला लागले. १९९२मध्ये त्यांच्यात सोडियमच्या त्याच दाराची चूक सापडली. २००७पासून जन्मलेल्या शिंगरांत चुकीच्या दोन्ही प्रती असतील, तर त्या जातीची संघटना त्यांची नोंदणीच करत नाही.

थॉमसेन यांच्या आजाराला शेळ्यांनी मदत केली. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात दचकली की ताठ होऊन आडवी पडणारी शेळ्यांची एक जात आहे. त्यांच्या स्नायूंवर शर्ली ब्रायंट यांनी १९६०च्या दशकापासून काम केलं आणि दाखवलं की त्यांच्या पटलातून क्लोराइड पुरेसं जात नाही. क्लोराइड पटलाला जागेवर धरून ठेवतं, ते नसलं की पटल उगाच पेटत राहतं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला माणसांतही क्लोराइडच्या दाराची चूक मिळाली. घरचं गुपित छापणाऱ्या त्या डॉक्टरांच्या आजाराला शंभराहून जास्त वर्षांनी कारण मिळालं, आणि ते मनात नव्हतं.

या प्राण्यांबद्दल वाचताना एक गोष्ट मला टोचत राहिली. कोसळणाऱ्या घोड्याला कुणी ‘ऊठ, नाटकं करू नकोस’ म्हटल्याची नोंद कुठे दिसत नाही. थेट पशुवैद्याला बोलावलं गेलं.

गळकी टाकी

माझ्या मित्राच्या प्रकाराचं कोडं मात्र सगळ्यात उशिरा सुटलं, कारण ते सरळ नियमाविरुद्ध जाणारं होतं.

बर्नस्टाइनच्या हिशेबाने रक्तातलं पोटॅशियम उतरलं तर आतलं पोटॅशियम बाहेर पडायला आणखी उत्सुक व्हायला हवं, आणि आतली बाजू आणखी ऋण. म्हणजे उणे ९०वरून उणे १००कडे. पण १९८०च्या दशकात जर्मन गटाने या रुग्णांच्या स्नायूचे तुकडे कमी पोटॅशियमच्या द्रावणात ठेवले, तेव्हा पटल उलट दिशेने ढासळलं. १९९४मध्ये चूक सापडली ती कॅल्शियमच्या दारात, आणि पुढे काही कुटुंबांत सोडियमच्या दारात. पण कॅल्शियमच्या दाराचा या ढासळण्याशी काय संबंध, ते कुणाला सांगता येईना.

किल्ली एका बारकाव्यात होती. दोन्ही दारांतल्या जवळपास सगळ्या चुका एकाच प्रकारच्या भागात होत्या. दाराचा जो दांडा पटलाचा दाब ओळखून सरकतो, त्यावर आर्जिनिन नावाचे धन भाराचे खिळे असतात. चूक होती ती त्या खिळ्यांत. २००७मध्ये विल्यम कॅटरॉल यांच्या गटाने आणि कॅनन यांच्या गटाने स्वतंत्रपणे दाखवलं की खिळा बदलला की दांड्याच्या खाचेतूनच आयन गळायला लागतात. मुख्य दार बंद, पण बिजागरीच्या फटीतून गळती.

इमारतीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यासमोर आणा. तळाला बारीक भोक आहे. पंप जोरात चालू असेल तर भोक असूनही टाकी भरलेली राहते, कुणाला कळतही नाही. पंप मंदावला की टाकी उतरते. आपल्या पटलाला खाली धरून ठेवणारा पंप म्हणजे पोटॅशियमचा बाहेर जाणारा प्रवाह. आणि तो ज्या दारांतून जातो त्यांची खोड अशी की बाहेर पोटॅशियम कमी झालं की ती स्वतःच अंग चोरतात. पंप मंदावतो, गळती जिंकते, पटल उणे ६०च्या आसपास जाऊन अडकतं, सोडियमचे सापळे सुटलेलेच राहतात. इतर दिवशी टाकी भरलेली, माणूस फुटबॉल खेळतोय.

म्हणून झटका गेल्यावर काही सापडत नव्हतं. गळती कायम होती, पण दिसायची ती पंप मंदावल्यावरच. वेस्टफाल यांच्या शीर्षकापासून या उत्तरापर्यंत १२२ वर्षं गेली.

पाच मिनिटं करंगळी

आज औषधं आहेत. १९६०च्या दशकात काचबिंदूसाठी वापरलं जाणारं अॅसिटाझोलामाइड झटके कमी करतं असं दिसलं. त्याच जातीच्या डायक्लोरफेनामाइडला २०१५मध्ये अमेरिकेत या आजारांसाठी मान्यता मिळाली. सगळ्यांना त्यांचा उपयोग होतो असं नाही. आणि झटके येऊन जाणारे असले तरी अनेकांच्या मांड्या-खांद्यांत वयाबरोबर कायमचा अशक्तपणा उरतो. जनुक कळलं म्हणजे आजार संपला असं झालेलं नाही.

झटक्याविना साक्ष मिळवायचा मार्गही निघाला आहे. १९८६ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी एक साधी चाचणी मांडली. करंगळी बाजूला ओढणाऱ्या तळहाताच्या स्नायूला पाच मिनिटं जोर लावायला लावायचा, मधेमधे थोडी विश्रांती. मग हात सैल सोडून चेतातंतूला ठरावीक वेळाने विजेचा चटका द्यायचा आणि स्नायूचा प्रतिसाद मोजत राहायचा. निरोगी माणसाचा आलेख जवळपास सपाट राहतो. या आजारात वीस-चाळीस मिनिटांत तो उतरत जातो. वेस्टफाल यांचीच तपासणी, फक्त रुग्ण लुळा पडायची वाट न बघता.

माझ्या मित्राने ही चाचणी केली आहे. तो उतरता आलेख त्याच्या फोनमध्ये आहे. नोकरीच्या ठिकाणी, नातेवाइकांत, कुणी भुवया उंचावल्या की तो फोटो काढून दाखवतो. मलाही दाखवला. मी तो आलेख झूम करून बघत बसलो, कारण त्याच्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं. मग पाण्याच्या बाटलीबद्दल माफी मागितली. त्याला ती सकाळ चांगलीच आठवत होती. पाणी डोळ्यांत गेलं होतं, म्हणाला, आणि डोळे पुसता येत नव्हते.

तुमच्या हॉस्टेलमध्ये, पीजीमध्ये असा कुणी असेल, जो काल ठणठणीत होता आणि आज ‘हात उचलत नाहीये’ म्हणतोय, तर त्याला तेव्हाच उचलून दवाखान्यात न्या. दुपारपर्यंत थांबू नका. थेट कॅज्युअल्टीत, आणि पोटॅशियम व ईसीजी बघायला सांगा. पोटॅशियम खूप चढलं किंवा उतरलं तर हृदयालाही धोका असतो. मनाने नारळपाणी, केळी किंवा गोळ्या देऊ नका, कारण वर पाहिलं तसं एका प्रकारात पोटॅशियमच झटका आणतं. रक्त झटका चालू असतानाच घेतलं जायला हवं. संध्याकाळी तो पुन्हा टपरीवर चहाला येईल, आणि तेव्हा तपासून काहीच सापडणार नाही.